बासष्ट मुलींचे गुण

कोकिळा ठेंग आमच्या शाळेत गणित शिकवायला आल्या, ते साल चौऱ्याऐंशी. मी तिथं चित्रकला शिकवत होतो. शाळा चिखलीतली, मुलींची, बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत यायची आणि मुलींच्या वेण्यांत कापसाचे धागे अडकायचे. बाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. अंगानं किरकोळ, आवाज बारीक. फळ्यासमोर उभ्या राहिल्या की मात्र तो बारीक आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

बाई भित्र्या होत्या. हे मी मागून बोलत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. कुत्र्याला भीत, साहेबांना भीत, एसटीत कंडक्टरकडून उरलेले सुटे पैसे मागायलाही भीत. आणि सगळ्यात जास्त भीत त्या विजेच्या बटनाला. स्टाफरूममधला पंखा लावायचा तर दुसरं कोणी येईपर्यंत घामाघूम बसून राहत.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. दुसरबीडजवळच्या एका खेड्यात त्यांचं माळव्याचं शेत. वडील कचरू ठेंग वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि दुसरबीडच्या रस्त्यावर बसून विकायचे. बाई तेरा वर्षांच्या असताना विहिरीवर नवीन मोटार आली. मोठा भाऊ तुळशीराम पाइप बसवायला विहिरीत पायरीवर उतरला होता आणि बाई वर खोलीत बटनाजवळ उभ्या होत्या. वारा होता. खालून हाक आली, "दाब", असं त्यांना वाटलं. त्यांनी हिरवं बटन दाबलं. कुठं तरी तार उघडी होती. तुळशीराम वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकली ती कायमची. घरात कोणी त्यांना रागावलं नाही. वडिलांनी फक्त एकदाच विचारलं होतं, "आवाज आल्ता का तुले, खरंच?" बाईंना ते नक्की सांगता आलं नाही. मला सांगत होत्या तेव्हाही येत नव्हतं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात शाळेत दोन पेट्या आल्या. सरकारची काही योजना होती, निवडक शाळांना संगणक द्यायची. आमच्यापैकी कोणी ती वस्तू आधी पाहिलेली नव्हती. मुख्याध्यापक शालिग्राम पडघान सरांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, हे कोण शिकवणार. सगळे खाली बघू लागले. सर म्हणाले, बाई, गणित तुमचं, म्हणजे यंत्रही तुमचंच.

बाईंना नाही म्हणता आलं नाही. त्या हंगामी होत्या. कायम होण्याचा आदेश सरांच्या शिफारशीवर अडकलेला होता आणि हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं.

अमरावतीला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं. पहिले चार दिवस बाईंनी यंत्राच्या कळा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबल्या. पेन्सिल लाकडाची, म्हणून. शेजारी बसलेले लोणारचे दयाराम सर हसले, पण त्यांनी स्वतः तर तेवढ्याही कळा दाबल्या नाहीत. पाचव्या दिवशी शिकवणाऱ्यानं पेन्सिल काढून घेतली. बाईंनी डोळे मिटून बोट टेकवलं. काही झालं नाही. पडद्यावर एक अक्षर उमटलं, बस.

परत आल्यावर पडघान सरांनी त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली. यंत्रास अगर त्यातील नोंदीस काही झाल्यास जबाबदारी संबंधित शिक्षिकेची राहील. त्या कागदाची एक नक्कल बाईंनी घडी करून पर्समध्ये ठेवली होती.

यंत्रांची खोली माझ्या चित्रकलेच्या वर्गाला लागून होती. मधल्या भिंतीला वर जाळी, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. नववीच्या बासष्ट मुली, यंत्रं दोन. आठवड्यातून दोन तास. बाईंनी मुलींसाठी एक अगदी सोपा खेळ स्वतः लिहिला. यंत्र मनात एक ते शंभरमधला एक आकडा धरायचं. मुलीनं तो ओळखायचा. चुकला तर यंत्र सांगायचं, मोठा आहे की लहान. पहिल्या झटक्यात ओळखला तर दहा गुण, दुसऱ्यात नऊ, असं उतरत जायचं. एका मुलीची पाळी आठ-पंधरा दिवसांनी यायची. ती पाळी येईपर्यंत मुली दुसरं काही बोलत नसत. डब्याच्या सुट्टीत, नळावर, प्रार्थनेच्या रांगेत एकच विषय, तुझे किती झाले, माझे किती झाले.

पहिल्या महिन्यातच वीज गेली आणि पडद्यावरचे सगळे गुण नाहीसे झाले. अन्नपूर्णा म्हणून एक मुलगी होती, देऊळगावच्या रस्त्यावरच्या वस्तीतून रोज पायी यायची. तिनं विचारलं, "बाई, माह्ये गुण गेले कुठी?"

बाईंनी वहीत लिहायला सुरुवात केली. पण त्यांना चैन पडेना. अमरावतीला त्यांना सांगितलं होतं की यंत्र स्वतःच गुण लिहून ठेवू शकतं. फ्लॉपी नावाची एक काळी पातळ चकती असते, तिच्यावर फाईल तयार करायची. फाईल म्हणजे साधा मजकूर, एकाखाली एक ओळी, नाव आणि गुण. वीज गेली तरी तो राहतो. कसं करायचं ते मात्र घाईत उरकलं होतं. बाई महिनाभर इंग्रजी पुस्तक घेऊन बसल्या. शब्दकोश पाहून एकेक ओळ लावायच्या आणि मला वाचून दाखवायच्या, जणू मला त्यातलं कळत होतं.

ऐकून ऐकून थोडं कळायला लागलं. फाईल उघडायचे प्रकार होते. वाचायला उघडली तर धोका नाही. नवीन गुण लिहायचे असतील तर आधी जुन्या मजकुराच्या शेवटापर्यंत जायचं आणि तिथून पुढे लिहायचं. नुसतीच लिहायला उघडली, तर यंत्र समजतं की कोरी पाटी हवी आहे, आणि आधीचं सगळं पुसून टाकतं. विचारत नाही. आणि काम झालं की फाईल बंद करायला विसरायचं नाही. ही ओळ बाईंनी लाल शाईनं लिहून भिंतीला चिकटवली होती. दोन ओळी लिहायला हव्या होत्या खरं तर. पुसण्याबद्दलची दुसरी ओळ त्यांनी लिहिली नव्हती, कारण ती आपण कधी विसरणार नाही अशी त्यांची खात्री होती.

दिवाळीनंतर ते जमलं. यंत्र बंद करून चालू केलं तरी गुण जागेवर. मुली एवढ्या ओरडल्या की मी ब्रश टाकून पाहायला गेलो. पडघान सरही आले. त्यांनी वर योजनेच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की आमच्या शाळेत बासष्ट विद्यार्थिनींच्या नोंदी यंत्रात साठवल्या आहेत. बाईंना म्हणाले, आता वही बंद करा, सरकारनं यंत्र दिलं असताना वही दिसली तर काय म्हणतील. बाईंनी दुसरी फ्लॉपी मागितली, एक प्रत काढून ठेवायला. सरांनी कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला होता. त्या खराब झाल्या तर कोणाला उत्तर द्यायचं, म्हणाले.

जानेवारीत पत्र आलं. योजनेचे एक अधिकारी फेब्रुवारीत येणार, नोंदी पाहणार, आणि सर्वांत जास्त गुणांच्या तीन मुलींची नावं नागपूरच्या उन्हाळी शिबिरासाठी घेऊन जाणार. दहा दिवसांचं शिबिर, राहणं-जेवण सरकारचं. शाळेत त्या दिवशी कोणाचंच शिकवण्यात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना खोलीत बोलावलं. संस्थेचे संचालक उकंडराव अण्णा, त्यांची नात पुष्पा नववीत होती. सर तिचं नाव घेऊन एवढंच म्हणाले, "जरा पाहून घ्या बाई." बाईंनी मान हलवली. काय पाहायचं ते त्यांनी विचारलं नाही. पुष्पाचे गुण एकोणीस होते. अन्नपूर्णाचे एकोणपन्नास.

अधिकारी सोमवारी यायचे होते. शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला मुली गेल्या, मी वर्गात चित्रं लावत होतो. पलीकडे बाई एकट्याच कळा दाबत होत्या. अधिकाऱ्यांना दाखवायला त्यांना खेळात एक सुधारणा करायची होती, म्हणजे सगळ्यात जास्त गुण आपोआप वर दिसतील अशी. मग कळांचा आवाज थांबला. माझी दोन चित्रं लावून झाली तरी तो पुन्हा सुरू झाला नाही. जाळीतून मी हाक मारली.

मी गेलो तर बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. पडद्यावर एकच ओळ होती, इंग्रजी अक्षरांत. कोकिळा, दहा.

"काय झालं बाई?"

"पुसल्या गेलं सर," त्या म्हणाल्या. "सगळंच पुसल्या गेलं."

शाळेत त्या नेहमी पुस्तकी बोलायच्या. त्यांच्या तोंडून घरची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मी म्हणालो, पुन्हा एकदा पाहा, असेल कुठं तरी. त्यांनी पाहिलं. फाईल उघडली, बंद केली, यंत्र बंद केलं, चालू केलं. प्रत्येक वेळी तीच ओळ. सुधारणा करताना त्यांनी फाईल उघडायची ओळ नव्यानं लिहिली होती आणि शेवटापर्यंत जायची आज्ञा तिच्यात घालायची राहिली होती. मग चाचणी म्हणून स्वतःचं नाव घातलं. तेवढंच उरलं.

मी माठातलं पाणी आणून दिलं, ते त्यांच्या हातातून सांडलं. सांडलेलं पाणी यंत्राकडे जातंय असं वाटून त्या एवढ्या दचकल्या की खुर्ची उलटली. पाणी दोन हात लांब होतं. मी पुसून काढलं. सरांना सांगायला हवं, असं मी म्हणालो, तर त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. सोमवारपर्यंत नका सांगू. मग पर्समधून सहीचा कागद काढून त्यांनी तो पुन्हा वाचला, ओठ हलवत, एखाद्या मुलीनं धडा वाचावा तसा. अगर त्यातील नोंदीस.

मीच सुचवलं, लोणारच्या दयाराम सरांना विचारा. त्यांच्याही शाळेत तीच यंत्रं होती. पुसलेलं परत आणायची काही युक्ती असेल तर त्यांना माहीत असेल.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं बाई निघाल्या. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलेलं. मेहकरला गाडी बदलायची होती. पुढच्या गाडीत त्यांना वाटलं की समोरच्या बाकावर बसलेला, सफारी घातलेला माणूस तोच अधिकारी आहे आणि आपल्याकडेच बघतो आहे. तो मधेच एका फाट्यावर उतरून गेला तरी त्या लोणारपर्यंत त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. लोणारला स्टँडपासून दयाराम सरांचं घर विचारत विचारत गेल्या. सर अंगणात तूर वाळत घालत होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांना वाटलं कोणी तरी वारलं.

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, पुसलं ते गेलं. परत येत नाही. मग हसले, बाईंना शाळेत घेऊन गेले आणि कुलूप उघडलं. त्यांचं यंत्र अजून अर्धं प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. त्यांनी ते चालू केलं, भीत भीत, एका बोटानं, आणि आपली फाईल दाखवली. पंचावन्न मुलं, नावं, गुण, सगळं व्यवस्थित. बाईंनी विचारलं, पिशवी न काढता मुलं खेळली कशी.

"खेळलं कोण?" दयाराम सर म्हणाले. "मी बसलो अन् लिहून टाकले आकडे. फाईल कोण वाचते हो बाई? नाव पाह्यजे, आकडा पाह्यजे. तुमी बी बसा, घंटाभर लागते फक्त."

त्यांनी चहा दिला, यादी कशी बनवायची तेही सांगितलं. सगळे आकडे वेगवेगळे ठेवायचे, पाच-सहा जणांना मुद्दाम कमी द्यायचे, म्हणजे खरं वाटतं. बाई म्हणतात, त्यांना तेव्हा पहिल्यांदा सुटका झाल्यासारखं वाटलं. दहा मिनिटं तसं वाटलं. मग त्यांची नजर फाईलमधल्या एका नावावर गेली. त्या मुलाला एक्कावन्न गुण होते. त्यांनी विचारलं, हा हुशार आहे का? दयाराम सर आठवू लागले आणि म्हणाले, हा पोरगा तर मागच्या पोळ्यालाच शाळा सोडून गेला.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी मनातल्या मनात यादी करून पाहिली. अन्नपूर्णा एकोणपन्नास, हे पक्कं. पुष्पा एकोणीस, हेही पक्कं, कारण सरांनी नाव घेतल्यावर पाहिलं होतं. पण बाकीच्या? जुनी वही तर दिवाळीलाच थांबली होती. अठ्ठावीस की सव्वीस? चौतीस कोणाचे होते? प्रत्येक आकडा मनात आणला की त्यांना शंका यायची, हा खरंच होता की मला वाटतोय. मेहकरच्या अलीकडे त्यांनी आकडे आठवणं सोडून दिलं. दयाराम सरांसारखं लिहायला बसले तर हात चालणार नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात, असं त्या म्हणतात. खरं सांगायची जेवढी भीती होती त्याहून खोटं लिहायची जास्त वाटली, एवढंच.

सोमवारी सातलाच त्या पडघान सरांच्या घरी गेल्या. सर दाढी करत होते. ऐकताच त्यांचा वस्तरा थांबला. आधी ते घाबरले, खुर्चीत बसले, कपाळावर हात मारला. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, मग तर काम सोपंच झालं. नाही तरी नवीन यादी लिहावी लागेल. आणि त्यांनी टॉवेल बाजूला ठेवून एका कागदावर तीन नावं लिहून दिली. पहिलं पुष्पाचं. अन्नपूर्णाचं नाव त्यात नव्हतंच.

"तुमचा आदेश माह्या टेबलावर आहे बाई," सर म्हणाले. "सही तेवढी राह्यली. विचार करा."

बाईंनी कागद घेतला. नाही म्हणाल्या नाहीत. शाळेत आल्या तेव्हा मी फाटकात होतो. त्या सरळ नववीच्या वर्गात गेल्या. नंतर मुलींकडून कळलं ते असं. बाई वर्गात आल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमचे गुण माझ्या हातून पुसले गेले. एक मुलगी रडायला लागली. मग बाईंनी वहीची पानं फाडून प्रत्येकीला अर्धं पान दिलं. आपले आत्तापर्यंतचे गुण लिहा, म्हणाल्या. आणि त्याखाली तुमच्या बाकावर बसणारीचे लिहा, आणि पुढच्या बाकावरच्या दोघींचे. बोलायचं नाही, एकमेकींचं बघायचं नाही.

त्या वेळी आपल्याला काय वाटत होतं ते त्यांनी मला पुष्कळदा सांगितलं आहे. त्यांना खात्री होती की मुली आकडे वाढवतील. कोणीही वाढवेल. नागपूरचं शिबिर होतं, रेल्वे नाही तर एसटीतून का होईना दहा दिवस बाहेर जायचं होतं. मग बासष्ट चिठ्ठ्यांत बासष्ट भानगडी निघतील, अधिकाऱ्यांची यायची वेळ, साडेदहा, झालेली असेल आणि मग सरांनी दिलेला कागद पर्समधून काढण्यावाचून काही उरणार नाही. चिठ्ठ्या गोळा करून त्या यंत्राच्या खोलीत आल्या आणि मला बोलावलं. मी वाचत गेलो, त्या जुळवत गेल्या.

आकडे जुळत होते. एखाद्या मुलीचे गुण तिनं स्वतः लिहिले तेच शेजारणीनं लिहिले होते, तेच मागच्या बाकावरच्यांनी. सहा महिने या मुली दुसरं बोलल्याच काय होत्या? पाच-सहा जणींच्या आकड्यांत एक-दोनचा फरक निघाला. एकीनं स्वतःचे दहा वाढवले होते. तिच्या तिन्ही मैत्रिणींनी खरे लिहिले होते. पुष्पाच्या चिठ्ठीवर तिच्या वळणदार अक्षरात एकोणीस होते.

बाई लगेच यंत्रासमोर बसल्या. त्या एक नाव टाइप करायच्या, फाईलच्या शेवटी लिहायच्या, फाईल बंद करायच्या, मग पुढचं नाव. मी म्हणालो, असं एकेक करत बसलात तर वेळ जाईल. त्या म्हणाल्या, मध्येच वीज गेली तर? चाळीस नावं झाली आणि दारात पडघान सर अधिकाऱ्यांना घेऊन उभे राहिले.

अधिकारी उंच, चष्मा लावलेले, फारसं न बोलणारे. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय, नोंदी तर आधीपासून आहेत असं पत्रात होतं. सर चटकन म्हणाले की बाई प्रात्यक्षिक दाखवताहेत, आणि बाईंकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला बाईंची मान दिसत होती. तिच्यावर घाम आला होता आणि एक शीर उडत होती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "फाईल माझ्या हातून पुसली गेली. शनिवारी."

त्यांचा आवाज जेमतेम निघाला. अधिकाऱ्यांना ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. मला वाटलं आता त्या शब्द गिळतील. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फळ्यासमोरच्या आवाजात.

पडघान सर काही बोलू लागले, अधिकाऱ्यांनी हात वर केला. मग हे आकडे कुठून आले, त्यांनी विचारलं. बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. ते उभ्यानंच दहा-बारा चिठ्ठ्या चाळत राहिले. मग बाहेर जाऊन वर्गाच्या दारात उभे राहिले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं. ती पुष्पा होती, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"तुझे गुण किती?"

"एकोणीस," पुष्पा म्हणाली.

"वर्गात सगळ्यात जास्त कोणाचे?"

"अन्नपूर्णाचे. एकोणपन्नास. ती शंभराचे अर्धे करते, मंग त्याच्या अर्धे."

मागून पंधरा-वीस मुली हो म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी अन्नपूर्णाला फळ्याजवळ बोलावून अर्धे कसे करते ते विचारलं. तिनं खडूनं करून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. परत खोलीत आले, उरलेली बावीस नावं पूर्ण होईपर्यंत बाईंच्या मागे उभे राहिले, आणि फाईलवरूनच तीन नावं उतरवून घेतली. पडघान सरांचा कागद बाईंच्या पर्समध्ये तसाच राहिला.

लोकांना वाटतं खरं बोललं की सगळं ठीक होतं. तसं झालं नाही. अधिकाऱ्यांच्या अहवालात शेरा आला, संबंधित शिक्षिकेकडून मूळ नोंदी नष्ट झाल्या, प्रत ठेवलेली नव्हती. प्रत का नव्हती ते त्यात नव्हतं. बाईंचा आदेश आणखी दीड वर्ष टेबलावर पडून राहिला. दर एप्रिलला त्यांना वाटायचं की यंदा आपल्याला कामावरून काढणार. उकंडराव अण्णा एकदा बाजारात समोरून आले, बाईंकडे पाहिलं आणि न बोलता निघून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाई म्हणायच्या. महिनोन् महिने त्या तो रस्ता टाळून लांबून शाळेत यायच्या. पुढे एकदा पुष्पाच्या आईनं त्यांना हळदी-कुंकवाला बोलावलं. तिथंही त्या तासभर दाराजवळ बसून राहिल्या, अण्णा कधी येतात म्हणून. अण्णा गावाला गेलेले होते.

पण त्याच्या आधी तो मे महिना आला. तीन मुलींना नागपूरला घेऊन जायचं होतं आणि बरोबर बाईंनीच जावं असं पत्रात होतं. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, सर, मी एवढ्या लांब कधी गेले नाही, पोरी हरवल्या तर? मी म्हणालो, मग नाही म्हणा. दोन दिवसांनी पहाटेच्या गाडीत मी चौघींना बसवून दिलं. अन्नपूर्णाच्या बापानं कापडी पिशवीत भाकरी आणि ठेचा दिला आणि बाईंना नमस्कार केला. बाईंनी तिन्ही मुलींच्या हातावर निळ्या पेनानं शाळेचा पत्ता लिहिला होता.

दिवसभराचा प्रवास. अन्नपूर्णाला उलट्या झाल्या. अमरावतीच्या पुढे गाडीचं चाक पंक्चर झालं आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली दोन तास बसावं लागलं. बाई दर पाच मिनिटांनी मुली मोजत होत्या, तीन. नागपूरला संध्याकाळी पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या इमारतीत नेलं. लांब, थंड खोली, पडदे लावलेले आणि भिंतीच्या कडेनं ओळीनं वीस यंत्रं, सगळी चालू. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या होत्या.

मुलींनी चपला भिरकावल्या आणि आत पळाल्या. बाई दारात उभ्या राहिल्या. आतून वीस यंत्रांची एकत्र घरघर येत होती. त्या म्हणतात, पाय उचलेना. मुलींना पोहोचवून झालं, आता बाहेर बाकावर बसलं तरी कोणी काही म्हणणार नव्हतं. तेवढ्यात अन्नपूर्णा आतून वळून पाहू लागली, कुठल्या यंत्रावर बसू, असं विचारायला. बाईंनी खाली वाकून मुलींच्या तिन्ही जोड्या भिंतीला लावून ठेवल्या, आपल्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि गार फरशीवरून आत गेल्या.